गोष्ट कोण सांगतो? : मराठी कादंबरीतील निवेदक आणि गद्यशैलीचा प्रश्न

कथालेखनाची भाषा कशी सुधारावी, हा प्रश्न विद्यार्थी विचारतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा शब्दांचा प्रश्न असतो. शब्दसंग्रह कसा वाढवावा, वर्णने कशी रंगवावीत, उपमा नव्या कशा सुचाव्यात, वाक्ये ओघवती कशी व्हावीत, असे त्याचे पोटप्रश्न असतात. आपणही उत्तरे त्याच दिशेने देतो. वाचन वाढवा, क्लिष्टता टाळा, शुद्ध लिहा. यांतले काहीही चूक नाही. परंतु मराठी कादंबरीचा गेल्या सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर निराळीच गोष्ट दिसते. आपल्या कथात्म गद्याने जेव्हा जेव्हा खरोखरी कात टाकली, तेव्हा बदल आधी निवेदकात झाला आणि मग शब्दांत. गोष्ट कोण सांगतो आणि सांगणाऱ्याला काय ठाऊक आहे, या दोन प्रश्नांचे उत्तर एखाद्या लेखकाने नव्याने दिले आणि त्या उत्तरापाठोपाठ शैली बदलली. प्रस्तुत लेखात हा प्रवास काही निवडक टप्प्यांवर थांबून पाहायचा आहे.

१

मराठी गद्याला कथनाची परंपरा नव्हती, इंग्रजी अमदानीत ती अचानक उगवली, असा एक समज अजूनही आढळतो. तेराव्या शतकातील म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ ज्याने वाचले आहे, त्याला हा समज मान्य होणार नाही. चक्रधरांच्या सहवासात आलेल्या माणसांना भेटून, त्यांच्या आठवणी विचारून म्हाइंभटांनी लीळा संकलित केल्या. लीळेतले वाक्य आखूड असते, संवाद थेट येतो, स्थळ आणि कृती नेमकी असते, आणि पाल्हाळाला जागा नसते. याचे कारण केवळ भक्ती नव्हे. सांगणारा साक्षीदाराच्या शब्दाला बांधलेला आहे, हे खरे कारण. जे कोणी पाहिले वा ऐकले तेवढेच लिहायचे, हे बंधन त्या गद्याला त्याचा कस देते. पुढे बखरकारांनी निवेदनात नाट्य आणले, आवेश आणला. मात्र एकोणिसाव्या शतकात छापील गोष्टीचे युग सुरू झाले तेव्हा नव्या लेखकांनी या दोन्ही वारशांकडे फारसे वळून पाहिले नाही.

१८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची आणि दुसरी १८५७ची. मेजर कँडी यांनी विरामचिन्हांची शिस्त लावली. छापील मराठी गद्याचा सांगाडा अशा रीतीने तयार होत असतानाच १८५७ साली बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. या पुस्तकाच्या पूर्ण नावात हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे ‘निरूपण’ असा शब्द आहे आणि तो फार बोलका आहे. निरूपण हा कीर्तन-प्रवचनाच्या परंपरेतला शब्द. आधी सिद्धान्त, मग दृष्टान्त. यमुना आणि तिचा पती प्रवासाला निघतात, वाटेत विधवांच्या कहाण्या कानी पडतात आणि प्रत्येक कहाणी मूळ विषयाला पुरावा म्हणून जोडली जाते. येथे निवेदक म्हणजे निरूपणकार आहे. त्याला काय सिद्ध करायचे ते त्याला आरंभापासूनच ठाऊक आहे. त्याची भाषा मात्र साधी आणि कामाची आहे, कारण त्याला वाचकाला पटवायचे आहे.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रीघ लागली. हळब्यांचीच ‘रत्नप्रभा’ १८६६ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. ज्या बाणभट्टाच्या ग्रंथावरून आपण या वाङ्मयप्रकाराला ‘कादंबरी’ म्हणू लागलो, त्याच्या समासप्रचुर वैभवाची छाया या गद्यावर पडली आहे. येथील निवेदक सर्वज्ञ आहे आणि त्याच्यावर कसलेही बंधन नाही. राजवाड्यातले तो सांगतो, अरण्यातले सांगतो, नायिकेच्या मनातले सांगतो, आणि मध्येच थांबून वाचकाला उपदेशही करतो. सगळेच ठाऊक असलेल्या निवेदकाला शोधण्यासारखे काही उरत नाही, म्हणून तो सजवत बसतो. आपण ज्याला ‘अलंकारिक भाषा’ म्हणून आज नावे ठेवतो, तिचे मूळ केवळ संस्कृतच्या प्रेमात नाही. बंधनमुक्त निवेदकाच्या या रिकामपणातही ते आहे. १८७१ साली गुंजीकरांनी ‘मोचनगड’ लिहून कादंबरीला इतिहासाच्या भूमीवर आणले, तेव्हा या स्वैरपणाला पहिला आळा बसला. स्थळकाळाचे बंधन आले की वर्णनालाही जबाबदारी येते.

२

या पार्श्वभूमीवर हरिभाऊ आपट्यांनी काय केले हे पाहिले पाहिजे. १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू झाले आणि त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो!’ क्रमशः येऊ लागली. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्यात रान उठले होते. १८९१ साली तो कायदा झाला आणि संमतीचे वय दहावरून बारावर आले. मुलींच्या विवाहाविषयी सभांतून बोलत होते, वृत्तपत्रांतून लिहीत होते ते प्रामुख्याने पुरुष. सुधारकही पुरुष, विरोधकही पुरुष. अशा वेळी हरिभाऊंनी गोष्ट सांगण्याचे काम यमूकडे दिले.

हा निर्णय जितका सामाजिक, तितकाच शैलीचा होता. यमू ही माजघरात वाढलेली मुलगी. ओसरीवर वडीलधारी काय ठरवतात ते तिच्यापर्यंत अर्धेमुर्धे पोचते. कधी दाराआडून, कधी कुणाच्या बोलण्यातून, कधी आईच्या चेहऱ्यावरून. लग्नानंतर नवरा शिकवतो तेव्हा लिहिणे-वाचणे तिच्या आयुष्यात खऱ्या अर्थाने येते. अशी निवेदिका समासप्रचुर वाक्य बोलणार कशी? मध्येच थांबून विधवाविवाहावर व्याख्यान देणार कशी? तिला जेवढे दिसले तेवढेच सांगता येणार, आणि जे दिसले त्याचा अर्थ तिला त्या वेळी कळला नव्हता हेही तिला सांगावे लागणार. या बंधनातून मराठी कादंबरीला पहिल्यांदा घरगुती बोलण्याची लय मिळाली. बायकांच्या तोंडचे वाक्प्रचार, सासरमाहेरचे टोमणे, दुर्गीसारख्या मैत्रिणीशी झालेली हितगुजे ही सगळी सामग्री हरिभाऊंच्या आधीही समाजात होतीच. तिला कादंबरीच्या दारातून आत यायला वाट नव्हती. निवेदक बदलल्यावर ती वाट उघडली.

आणखी एक गोष्ट येथे घडली. मोठी झालेली यमू लहान यमूची गोष्ट सांगते, त्यामुळे एकाच ‘मी’मध्ये दोन वयांच्या दोन जाणिवा नांदतात. लहान मुलीला जे खेळासारखे वाटले, त्यातली क्रूरता सांगणारीला आता ठाऊक आहे. या दोहोंमधील अंतर वाचकाला अस्वस्थ करते. केशवपनाच्या प्रसंगाचा परिणाम इतका दारुण होतो, त्यात या अंतराचा वाटा मोठा आहे. त्या प्रसंगापर्यंत आपण तिच्या डोळ्यांनीच जग पाहिलेले असते. हेच वर्णन सर्वज्ञ निवेदकाने केले असते तर वाचकाने हळहळून पान उलटले असते.

हरिभाऊंच्या गद्यात दोष नाहीत असे नाही. क्रमशः लेखनामुळे आलेला पाल्हाळ त्यांच्यात भरपूर आहे, पुनरुक्ती आहे, आणि काही ठिकाणी यमूच्या तोंडून हरिभाऊच बोलतात. परंतु हे दोष आपल्याला दोष म्हणून ओळखू येतात तेच मुळी यमूचा आवाज आपल्या कानात बसलेला असल्यामुळे. ‘मुक्तामाले’त असा दोष शोधून दाखवता येणार नाही, कारण तेथे ज्याच्याशी ताडून पाहावे असा आवाजच नाही.

३

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात कथालेखन शिकता आणि शिकवता येते, असा आत्मविश्वास मराठीत निर्माण झाला. ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१चे. कथानकाची बांधणी, गुंतागुंत आणि उकल, आरंभ आणि शेवट, उत्कंठा यांचा विचार त्यांनी कारागिराच्या नजरेने केला. लेखन ही दैवी देणगी आहे, तिच्यावर बोलणेच अशिष्ट, या भाबड्या समजुतीला धक्का देण्याचे श्रेय फडक्यांना दिलेच पाहिजे. त्यांचे स्वतःचे गद्यही प्रसन्न, नेटके, सुशिक्षित संभाषणाच्या जवळचे होते. त्यांच्या विरोधकांनाही त्याची सफाई नाकारता आली नाही. फडके-खांडेकरांचा ‘कला की जीवन’ हा वाद आपण अभ्यासक्रमात शिकवतो, पण त्या वादात एक बाजू सहसा सुटते. दोघांचीही पात्रे बहुतांशी आपापल्या लेखकाच्या भाषेत बोलतात. फडक्यांची पात्रे फडक्यांसारखी चतुर, तर खांडेकरांची पात्रे खांडेकरांसारखी सुभाषितप्रिय.

खांडेकरांच्या ‘ययाति’चे (१९५९) उदाहरण या दृष्टीने फार शिकवणारे आहे. या कादंबरीला १९७४चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला आणि तिची लोकप्रियता आजही टिकून आहे. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तीन निवेदक तेथे आळीपाळीने बोलतात. रचना म्हणून ही कल्पना उत्तम आहे, कारण एकाच घटनेला तीन बाजू मिळतात. परंतु प्रकरणावरचे नाव झाकून एखादा परिच्छेद वाचला तर तो राजाचा, राणीचा की दासी झालेल्या राजकन्येचा, हे केवळ वाक्याच्या घडणीवरून ओळखणे पुष्कळदा कठीण जाते. तिघांनाही उपमा सुचतात, आणि त्या एकाच टाकसाळीतल्या असतात. निवेदकांची संख्या वाढली म्हणजे आवाज वाढतातच असे नाही, हा या उदाहरणाचा धडा आहे. खांडेकरांना यातून कमी लेखण्याचा हेतू नाही. त्यांच्या चिंतनशील गद्याची ओढ वेगळी आहे आणि तिचा वाचकवर्गही मोठा आहे.

याच काळात दुसरीकडे काही वेगळे घडत होते. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आले आणि शिकलेल्या, अविवाहित स्त्रियांचे मन असे उघडपणे बोलू शकते, याचाच लोकांना धक्का बसला. १९३९ साली विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ने युरोपातून परतणाऱ्या बोटीवरच्या थोड्या दिवसांत महायुद्धाच्या उंबरठ्यावरचे जग कोंबून बसवले. चक्रधर आणि जर्मन ज्यू हॅर्टा यांची ही कहाणी सांगताना गद्य कोरडे ठेवण्याचे धैर्य बेडेकरांनी दाखवले. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’मध्ये (१९४२) संज्ञाप्रवाहाचा प्रयोग केला. प्रयोग म्हणून त्याचे मोल आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाक्य व्याकरणाच्या आधी मनाच्या गतीने चालू शकते, हे त्याने दाखवले.

४

स्वातंत्र्योत्तर नवकथेने तंत्राच्या चौकटीविरुद्ध बंड केले, हे आपण नेहमी सांगतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या गद्यात हे बंड सर्वांत शांतपणे दिसते. ‘माणदेशी माणसे’ १९४९चे आणि ‘बनगरवाडी’ १९५५ची. ‘बनगरवाडी’त औंध संस्थानातल्या एका धनगरवस्तीवर शाळामास्तर म्हणून आलेला तरुण गोष्ट सांगतो. त्याला वस्ती ठाऊक नाही. मुले शाळेत आणायची कशी, कारभाऱ्याचा शब्द कुठवर चालतो, मेंढरे घेऊन माणसे कुठे आणि केव्हा जातात, हे तो हळूहळू शिकतो. वाचक त्याच्याबरोबर शिकतो.

नवख्या माणसाची नजर ही या कादंबरीच्या शैलीची किल्ली आहे. नवखा माणूस निष्कर्ष काढण्याची घाई करू शकत नाही. तो आधी पाहतो. म्हणून वाक्ये आखूड आहेत, विशेषणे मोजकी आहेत, क्रियापदे कामाची आहेत. माडगूळकर स्वतः चित्रे काढीत. रेषेची काटकसर त्यांच्या गद्यात आली आहे असे म्हटले तर वावगे ठरू नये. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद माणदेशी बोलीत, ही विभागणीदेखील येथे केवळ सोय म्हणून येत नाही. मास्तर शिकलेला आहे, वस्ती त्याच्याहून वेगळे बोलते, आणि हे अंतर हाच कादंबरीच्या विषयाचा एक भाग आहे. शेवटी दुष्काळ येतो, वस्ती ओस पडू लागते, तेव्हा निवेदक आक्रोश करीत नाही. पाहायला शिकलेला माणूस जाणारी माणसे पाहतो, एवढेच. १९६०च्या ‘धग’मध्ये उद्धव शेळक्यांनी तृतीयपुरुषी निवेदन स्वीकारले तरी ते कौतिकच्या कष्टांना इतके चिकटून ठेवले, की वऱ्हाडी संवाद आणि निवेदन यांच्यात परकेपणाची फट राहत नाही. तेव्हा प्रश्न प्रथमपुरुषाचा की तृतीयपुरुषाचा, असा नाही. निवेदक कुणाच्या किती जवळ उभा आहे, असा आहे.

यानंतरची काही वर्षे मराठी गद्याच्या दृष्टीने विलक्षण आहेत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम शासनमान्य झाले आणि प्रमाण लेखनाला एक निश्चित चौकट मिळाली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६३ साली, दोन पुस्तके आली ज्यांना ‘चांगले मराठी’ या कल्पनेशीच भांडायचे होते. एक बाबुराव बागुलांचा कथासंग्रह ‘जेव्हा मी जात चोरली होती’, आणि दुसरी भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’. बागुलांच्या शीर्षककथेतील ‘मी’ला स्वतःविषयी एक गोष्ट ठाऊक आहे आणि तीच त्याला सभोवतालच्या माणसांपासून लपवायची आहे. या लपवण्याचा ताण त्या गद्यात प्रत्येक वाक्यागणिक जाणवतो. त्याचा आवेश, त्याची उसळी हा बेशिस्तपणा आहे अशी टीका करण्यापूर्वी, हा निवेदक कोणत्या परिस्थितीत बोलतो आहे हे टीकाकाराने विचारात घ्यायला हवे.

‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकराचा प्रश्न याच्या उलट आहे. त्याला भाषेवरच विश्वास नाही. शाळा-महाविद्यालयांनी, वक्त्यांनी, पुस्तकांनी मोठमोठे शब्द वापरून झिजवलेले आहेत, हे त्याला पुरते कळले आहे. म्हणून ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे दोन शब्द तो ढालीसारखे वापरतो. काहीही ठाम म्हणायची वेळ आली की तो वाक्याला ‘वगैरे’ जोडून बाजूला होतो. पुढे कित्येक नवोदितांनी ही लकब उचलली, पण ढाल कशासाठी होती ते उचलले नाही. धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी पांडुरंगाची ही सगळी थट्टा अपुरी पडते आणि गद्याला वेगळ्याच, उघड्या दुःखाची लय येते. आधीची इतकी पाने ढाल धरलेली नसती, तर ती खाली पडल्याचा आवाज वाचकाला ऐकू आला नसता. १९६५च्या ‘वासूनाका’त भाऊ पाध्यांनी निवेदन मुंबईच्या नाक्यावरच्या पोक्याला दिले आणि आचार्य अत्र्यांसारख्या मातब्बर माणसाचा रोष ओढवून घेतला. पोक्याला सभ्य भाषेत बोलायला लावले असते तर तो रोष टळला असता, पण मग पोक्याही उरला नसता.

५

हा इतिहास वर्गात कसा उपयोगी पडेल? एक लहानसे उदाहरण घेऊ. प्रसंग असा, की शहरात शिकायला गेलेला मुलगा नापास होऊन घरी येतो. तो तीन प्रकारे सांगून पाहू.

पहिला प्रकार : सायंकालीन सूर्यबिंबाप्रमाणे म्लान झालेले मुख घेऊन तो अभागी तरुण गृहद्वारी उभा राहिला आणि त्या माउलीच्या अंतःकरणात दुःखाचा सागर उसळला.

दुसरा प्रकार : बापू आला तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने वर पाहिले आणि ती पुन्हा भाकरी थापू लागली. भाकरी तव्यावर टाकताना तिने विचारले, “जेवलास?”

तिसरा प्रकार : बापूदादा आला तवा मी चुलीम्होरं बसले व्हते. आई त्याला कायबी बोलली नाय. नुसती एक भाकर जास्तीची थापली. तवा मला वाटलं, दादा आता लई दिवस ऱ्हाणार, म्हणून मला बरं वाटलं.

पहिल्या परिच्छेदात शब्द भारदस्त आहेत, पण कळते कमी, कारण निवेदकाने आईचे दुःख वाचकाच्या आधीच स्वतः भोगून संपवले आहे. दुसऱ्यात निवेदक आईच्या मनात शिरत नाही, म्हणून वाचकाला शिरावे लागते. तिसऱ्यात निवेदिका लहान आहे. तिला आनंद होतो, आणि तिच्या आनंदामुळेच प्रसंग अधिक बोचतो. येथे एक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. तिसरा परिच्छेद बोलीत आहे म्हणून सरस ठरतो असे नव्हे. पहिल्या परिच्छेदाचे बोलीत रूपांतर केले तरी तो तितकाच पोकळ राहील. बोली ही निवेदकाबरोबर यावी लागते. ती वरून शिंपडली तर तोही एक अलंकारच होतो, आणि ग्रामीण कथेच्या पडत्या काळात असे शिंपण आपण पुष्कळ पाहिले आहे.

आज अनेक विद्यापीठांच्या मराठी अभ्यासक्रमांत सर्जनशील लेखनाला स्थान मिळाले आहे. खानदेशातून, मराठवाड्यातून, कोकणातून आलेली मुले वर्गात गोष्टी लिहितात. त्यांतली एखादी मुलगी आपल्या आजीला बोलू देते आणि उत्तरपत्रिकेवर ‘भाषा सुधारा’ असा लाल शेरा पडतो. निबंधात आणि टीकालेखात प्रमाण भाषेचा आग्रह धरावाच, त्याबद्दल दुमत नाही. कथेत मात्र लाल पेन उचलण्याआधी आपण वेगळे प्रश्न विचारायला हवेत. हे कोण बोलते आहे? त्याला हे ठाऊक असणे शक्य आहे का? हा शब्द त्याचा आहे की लेखिकेने उसना घातला आहे? आजीच्या तोंडी ‘अस्तित्व’ हा शब्द आला तर तेथे जरूर खूण करावी. तिच्या क्रियापदाचे रूप पुस्तकात सापडत नाही, एवढ्यासाठी करू नये.

हरिभाऊंच्या यमूला तिच्या काळातल्या सभांमध्ये बोलण्याची मुभा नव्हती. कादंबरीने ती दिली, आणि तिच्या तोंडची भाषा कादंबरीचीच भाषा झाली. मराठी गद्य त्यामुळे बिघडले नाही, सुधारले. आपल्या वर्गात आज अशा किती यमू आणि किती पोक्या गोष्ट सांगायला बसल्या आहेत, आणि आपण त्यांच्या वाक्यांत काय दुरुस्त करीत आहोत, याचा विचार मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकाने करावा असे वाटते. या विषयावर सहकारी प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची मते वाचायला आवडतील. मतभेद असतील तर अधिकच.